सहीच्या आधी संमती

(वैद्यकीय व परिचर्या शाखांच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या १७ हक्कांच्या सनदेचा मसुदा तयार केला. महाराष्ट्राने २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा केली आणि रुग्णालयात अशी सनद लावणे बंधनकारक झाले. परंतु वेदनेने तळमळणारा रुग्ण भिंतीवरची सनद वाचत नाही आणि त्याचे नातेवाईक पैशांच्या जुळवाजुळवीत असतात. म्हणूनच हे हक्क सर्वप्रथम माहीत हवेत ते डॉक्टरांना, परिचारिकांना आणि उद्या त्यांच्या जागी उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना.

संमतिपत्राचेच पाहा. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री छापील कागद पुढे येतो. ‘इथे सही करा’ एवढेच सांगितले जाते. सही मिळते, संमती मिळते का?

दिल्लीत १९९५ साली ४४ वर्षांची एक अविवाहित महिला दुर्बिणीद्वारे तपासणीसाठी दाखल झाली. ती भुलेखाली असताना, बाहेर बसलेल्या आईला विचारून तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. प्राणावर तातडीचे संकट नसेल, तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबलेच पाहिजे. डॉक्टरांनी सद्हेतूने कृती केली, हेही न्यायालयाने मान्य केले. या निकालाचे मर्म इथेच आहे. सद्हेतू संमतीची जागा घेऊ शकत नाही!

आजारपणात सारे कुटुंब धावून येते, हे आपल्या समाजाचे बळ आहे. पण मायेपोटी रुग्णालाच अंधारात ठेवले जाते. सज्ञान रुग्णाशी त्याच्या भाषेत, शांतपणे बोलणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. कुटुंबाचा आधार घ्यावा. रुग्णाचा निर्णय मात्र त्याचाच राहू द्यावा.

इतर हक्कही तितकेच ठोस आहेत. अपघातग्रस्तावर पोलिसी सोपस्कारांसाठी न थांबता उपचार करावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावी लागतात. ती मागणाऱ्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही.

हा विचार केवळ कायद्याने आणलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला बजावतो की, रुग्णाच्या घरी अनुमतीने प्रवेश करावा आणि तिथल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत. आज उद्वाहनात किंवा उपाहारगृहात रुग्णाचे नाव घेऊन त्याच्या आजाराची चर्चा रंगते, तेव्हा याच शिकवणीचा भंग होत असतो. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवागत विद्यार्थ्यांसाठी महर्षी चरक शपथेची शिफारस केली. शपथेचा समारंभ काही मिनिटांत आटोपतो. तिची कसोटी मात्र त्यानंतर रोज, प्रत्येक खाटेपाशी लागणार आहे.