कापणे, जोडणे आणि ओळखणे : पुनःसंयोजित डीएनए तंत्रज्ञानातील एन्झाइमे व वाहक

पुनःसंयोजित डीएनए तंत्रज्ञानाचा गाभा तीन कामांत सामावलेला आहे. डीएनएचा हवा तो तुकडा नेमक्या जागी कापणे, तो वाहक रेणूला जोडून जिवंत पेशीत पोहोचवणे आणि ज्या पेशीत तो खरोखर पोहोचला, ती पेशी लाखो पेशींतून ओळखून काढणे. कापण्या-जोडण्याचे काम एन्झाइमे करतात; ओळखण्याचे काम मुख्यतः वाहकाच्या रचनेवर सोपवलेले असते. वर्गात पहिल्या दोन कामांना भरपूर वेळ मिळतो आणि तिसरे एखाद्या आकृतीत आटोपते. प्रत्यक्षात वाहकांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या तिसऱ्या कामाचाच इतिहास आहे. अध्यापक, संशोधक आणि उद्योगातील तंत्रज्ञ एकत्र आलेल्या या अधिवेशनात विषयाची मांडणी त्या अंगाने होणे उचित ठरेल.

कापणाऱ्या एन्झाइमांचा शोध जनुके कापण्यासाठी लागलेला नाही. जीवाणूंच्या एका वाणात वाढवलेला विषाणू दुसऱ्या वाणात नीट वाढत नाही, असे १९५०च्या सुमारास साल्वादोर लुरिया, ज्युसेप्पे बर्तानी आणि इतरांच्या लक्षात आले होते. जिनिव्हा येथे वेर्नर आर्बर यांनी १९६०च्या दशकात त्यामागची यंत्रणा उलगडली : जीवाणू आत शिरलेला परका डीएनए कापतो आणि स्वतःच्या डीएनएवर मिथिल गट बसवून त्याचे रक्षण करतो. १९७०मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हॅमिल्टन स्मिथ यांनी हिमोफिलस इन्फ्लुएंझी या जीवाणूतून ठरावीक अनुक्रमावरच कापणारे एन्झाइम वेगळे केले. त्यांचे सहकारी डॅनियल नेथन्स यांनी त्याच एन्झाइमाने एसव्ही ४० या विषाणूच्या डीएनएचे ११ तुकडे केले. जीनोमचा नकाशा तुकड्यांवरून काढता येतो, हे त्यातून दिसले. या तिघांना १९७८चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इको-आर-वन हे यातील सर्वांत परिचित एन्झाइम. डीएनएवर जी-ए-ए-टी-टी-सी हा सहा अक्षरांचा अनुक्रम आला, की ते तेथे थांबते. समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचले, तरी हाच अनुक्रम मिळतो. दोन्ही धाग्यांवर जी आणि ए यांच्या मधला बंध तुटतो. काप समोरासमोर नसल्यामुळे प्रत्येक टोकाला ए-ए-टी-टी अशी चार अक्षरांची एकेरी शेपटी उरते. याच एन्झाइमाने कापलेल्या कोणत्याही डीएनएच्या टोकाला ती पूरक असते. मग तो डीएनए बेडकाचा असो, जीवाणूचा असो वा माणसाचा. एसएमए-वन हे एन्झाइम मात्र सी-सी-सी-जी-जी-जी या अनुक्रमाच्या बरोबर मध्यावर कापते आणि बोथट टोके देते. चारही अक्षरे समप्रमाणात व विस्कळीत क्रमाने आली, तर सहा अक्षरी अनुक्रम सरासरी ४,०९६ बेसजोड्यांमागे एकदा भेटतो आणि आठ अक्षरी अनुक्रम ६५,५३६ जोड्यांमागे एकदा. एखादे जनुक अखंड हवे की जीनोमचे मोठे तुकडे हवेत, यावर एन्झाइमाची निवड ठरते. हा काटेकोरपणा परिस्थितीवरही अवलंबून असतो. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये साठवलेले असते. ते मिश्रणात प्रमाणाबाहेर पडून ग्लिसरॉल ५ टक्क्यांवर गेले, तर काही एन्झाइमे मिळत्याजुळत्या, पण चुकीच्या अनुक्रमांवरही कापू लागतात.

पूरक शेपट्या एकमेकींना धरतात, पण त्यांच्यातील हायड्रोजन बंध क्षीण असतात. कायमचा सांधा डीएनए लायगेज घालते. हे एन्झाइम १९६७मध्ये अनेक प्रयोगशाळांना स्वतंत्रपणे सापडले. प्रयोगशाळेत बहुधा टी-४ या विषाणूपासूनचे लायगेज वापरतात. एटीपीची ऊर्जा घेऊन ते एका टोकाचा ५' फॉस्फेट आणि दुसऱ्या टोकाचा ३' हायड्रॉक्सिल गट जोडते. येथे तापमानाची तडजोड करावी लागते. उबेत एन्झाइम जोमाने काम करते, पण चार अक्षरी शेपट्या सुटतात. गारव्यात शेपट्या टिकतात, पण एन्झाइम मंदावते. १६ अंश सेल्सियसला रात्रभर मिश्रण ठेवण्याचा प्रघात त्यातूनच पडला. हरगोविंद खुराना यांच्या गटाने रासायनिक रीतीने बनवलेले छोटे तुकडे लायगेजने सांधून १९७०मध्ये ७७ बेसजोड्यांचे एक संपूर्ण जनुक उभे केले. १९७२मध्ये स्टॅनफर्ड येथे पॉल बर्ग यांच्या प्रयोगशाळेत एसव्ही ४० आणि लॅम्डा विषाणू यांचे डीएनए जोडले गेले. त्यासाठी टर्मिनल ट्रान्सफरेज वापरून एका टोकाला ए आणि दुसऱ्याला टी यांच्या शेपट्या मुद्दाम लावल्या होत्या.

जोडणीतील खरी अडचण मात्र वेगळी आहे. कापलेल्या वाहकाची दोन टोके एकमेकांना पूरक असतात आणि एकाच रेणूवर जवळजवळ असतात. त्यामुळे नवा तुकडा येण्याआधीच वाहक स्वतःशी मिटतो. अल्कलाइन फॉस्फटेजने वाहकाच्या टोकांवरचे फॉस्फेट काढून टाकले, की लायगेजला त्याला मिटवता येत नाही. नवा तुकडा मात्र स्वतःचे फॉस्फेट घेऊन येतो आणि जोडला जातो. उरलेल्या दोन फटी यजमान पेशी बुजवते. ओळखण्याच्या कामाचा भार असा परीक्षानळीतच निम्मा हलका होतो.

इतर एन्झाइमांपैकी तीन महत्त्वाची आहेत. आर्थर कॉर्नबर्ग यांच्या डीएनए पॉलिमरेज-१ या एन्झाइमाचा क्लेनो खंड एकेरी टोके भरून बोथट करतो. १९७०मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना स्वतंत्रपणे सापडलेले रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आरएनएवरून डीएनए लिहिते. मानवी जनुकांत मधूनमधून येणारे इंट्रॉन जीवाणूला गाळता येत नाहीत. म्हणून प्रक्रिया झालेल्या एमआरएनएवरून प्रतिलिपी करून घेण्याची ही सोय अपरिहार्य ठरली. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतील थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूचे टॅक पॉलिमरेज उकळीजवळच्या तापमानातही टिकते. कॅरी मुलिस यांच्या पीसीआर पद्धतीला त्यानेच रोजच्या वापराचे स्वरूप दिले.

वाहकाकडून किमान तीन गोष्टींची अपेक्षा असते : यजमान पेशीत स्वतःची प्रत काढण्याचा आरंभबिंदू, ओळख पटवणारे खूणजनुक आणि एन्झाइमाने एकदाच कापता येईल अशी जागा. स्टॅन्ली कोहेन यांच्या प्रयोगशाळेतील पीएससी १०१ या प्लास्मिडात तिन्ही होत्या. इको-आर-वन ते एकाच ठिकाणी कापत असे आणि त्यावर टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जनुक होते. कोहेन, ॲनी चँग, हर्बर्ट बॉयर आणि रॉबर्ट हेलिंग यांनी १९७३मध्ये त्याला कॅनामायसिनरोधक जनुकाचा तुकडा जोडून दोन्ही प्रतिजैविकांत वाढणारे जीवाणू मिळवले. कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवलेल्या ई. कोलाय पेशींना ४२ अंशांचा क्षणिक ताप दिला, तरी हजारो पेशींमागे एखादीच प्लास्मिड आत घेते. बाकीच्या पेशी प्रतिजैविकात मरतात. एवढ्याने पेशीत वाहक आहे हे कळते. वाहकात तुकडा आहे की नाही, हे कळत नाही. पहिल्या प्रयोगात तुकड्याला स्वतःची खूण होती. पुढच्या वर्षी बेडकाचे जनुक घातले, तेव्हा अशी खूण नव्हती आणि आतला डीएनए प्रत्यक्ष तपासावा लागला.

बॉयर यांच्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस्को बोलिव्हार आणि रेमंड रॉड्रिग्ज यांनी १९७७मध्ये बांधलेले ४,३६१ बेसजोड्यांचे पीबीआर ३२२ हे प्लास्मिड म्हणजे या उणिवेला दिलेले उत्तर. त्यावर ॲम्पिसिलिन आणि टेट्रासायक्लिन अशी दोन रोधक जनुके आहेत. बीएएम-एच-वनची जागा टेट्रासायक्लिनच्या जनुकात पडते. तेथे तुकडा बसला, की ते जनुक बाद होते. अशी वसाहत ॲम्पिसिलिनवर वाढते, पण टेट्रासायक्लिनवर मरते. त्यासाठी प्रत्येक वसाहतीचा ठसा दुसऱ्या थाळीवर घ्यावा लागे आणि जी मेली, तीच हवी असल्याने पहिल्या थाळीवर परत जाऊन ती शोधावी लागे.

जोकिम मेसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पीयूसी मालिकेने हा फेरा वाचवला. पीयूसी १९ हे अवघ्या २,६८६ बेसजोड्यांचे. त्यात बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमाचा आरंभीचा भाग लिहिणारे जनुक आहे. उरलेला भाग यजमान पेशी पुरवते. दोन्ही भाग जुळले, की थाळीतील एक्स-गॅल हा रंगहीन पदार्थ फुटून निळा होतो. एकामागोमाग अनेक कापजागा ओळीने मांडलेला पट्टा याच जनुकात बसवलेला आहे. रात्रभर ३७ अंशांना ठेवलेली थाळी सकाळी उघडली, की निळ्या ठिपक्यांमध्ये पांढरे ठिपके उठून दिसतात. निळ्यात रिकामा वाहक असतो, पांढऱ्यात बहुधा तुकडा. ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जनुकाची वाचनचौकट न मोडणारा लहान तुकडा बसूनही वसाहत निळसर राहू शकते आणि टोके कुरतडली गेल्याने मिटलेला रिकामा वाहकही पांढरा दिसू शकतो. त्यामुळे अखेरचा निवाडा पुन्हा कापून आणि अनुक्रम वाचूनच होतो.

मोठ्या तुकड्यांसाठी निवडीची कसोटी बदलते. लॅम्डा विषाणूचा जीनोम ४८,५०२ बेसजोड्यांचा. त्याच्या ७८ ते १०५ टक्के लांबीचाच डीएनए विषाणूच्या डोक्यात नीट भरला जातो. मधला अनावश्यक भाग काढला, की तुकडा न घेतलेला वाहक इतका आखूड पडतो की तो भरलाच जात नाही. येथे लांबी हीच निवड. असे वाहक सुमारे २३ हजार बेसजोड्या वाहतात. लॅम्डाच्या केवळ कॉस टोकांचा उपयोग करणारे कॉस्मिड ४५ हजारांपर्यंत पोहोचतात. यीस्टची कृत्रिम गुणसूत्रे लाखो जोड्या पेलतात. पण त्यांत निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे एकत्र येण्याचा धोका असतो. १९९२मध्ये आलेले बॅक हे जीवाणूतील कृत्रिम गुणसूत्र पेशीत एक-दोन प्रतींतच राहते, एक ते तीन लाख जोड्या स्थिरपणे सांभाळते आणि म्हणूनच मानवी जीनोम प्रकल्पाचा आधार बनले.

जनुकाचे प्रथिन हवे असेल, तर वाहकावर प्रवर्तक आणि यजमानाला समजणारे संकेत लागतात. १९७८मध्ये मानवी इन्शुलिनच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या ई. कोलायच्या वेगवेगळ्या वाणांत तयार करून नंतर जोडल्या गेल्या. १९८२मध्ये या इन्शुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. हेपॅटायटिस-बीच्या पृष्ठप्रथिनासाठी यीस्ट हा यजमान सरस ठरला. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७मध्ये अशी लस भारतात आणली, आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती तयार करते. वनस्पतींसाठी ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमिफेशियन्स या जीवाणूचे टीआय प्लास्मिड वापरतात. त्यातील गाठी आणणारी जनुके काढून दोन सीमांमध्ये हवे ते जनुक बसवले जाते. बोंडअळीला मारक असलेले क्राय-वन-एसी जनुक कापसात याच मार्गाने गेले. २००२मध्ये भारतात मंजूर झालेल्या संकरित वाणांमागे जालन्याची महिको कंपनी होती. पुढे गुलाबी बोंडअळीने या प्रथिनाला प्रतिकार कमावला. जनुक रोपात अचूक पोहोचवणे वाहकाच्या हाती असते. शेतातील किडीची उत्क्रांती मात्र आश्रयपट्ट्यांसारख्या शेतीच्या शिस्तीनेच लांबवता येते.

ओळखीच्या खुणांची दुसरी बाजूही आहे. त्या कापसात कॅनामायसिनरोधक जनुकही होते, कारण रूपांतरित पेशी निवडायला ते लागले होते. काम संपल्यावर असे जनुक कायम ठेवण्यास आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त होता. निवड झाल्यावर क्रे-लॉक्स पद्धतीने खूणजनुक छाटून टाकता येते. १९७५च्या ॲसिलोमार परिषदेने प्रयोगशाळेबाहेर तगू न शकणारे यजमान आणि वाहक वापरण्याचा आग्रह धरला. सुरक्षितता वाहकाच्या रचनेतच असावी, हा विचार तेथून रुजला.

आज २००९ची गिब्सन जोडणी कापजागांशिवाय तुकडे सांधते, आणि क्रिस्पर जीनोमच्या मूळ जागीच बदल करते. तरीही बदल झालेली पेशी कोणती, हा प्रश्न सुटलेला नाही. गेटवे वाहकांत सीसीडीबी हे मारक जनुक ठेवतात; तुकडा आला नाही, तर पेशीच मरते. प्रश्न तोच, उत्तर अधिक कठोर.

म्हणून महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात चार नियंत्रण थाळ्यांना सक्तीचे स्थान हवे : डीएनए न घातलेल्या पेशी, न कापलेला वाहक, कापलेला पण लायगेज न घातलेला वाहक, आणि कापून लायगेज घातलेला पण तुकडा नसलेला वाहक. प्रतिजैविक काम करते का, पेशी सक्षम आहेत का, काप पूर्ण झाला का आणि वाहक किती प्रमाणात स्वतःशी मिटतो, ही चार उत्तरे त्यांतून मिळतात. पाचव्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगाच्या थाळीवरील वसाहतींना अर्थ येतो तो या चार थाळ्यांमुळे. त्यांचा खर्च थोडा आहे, आणि त्या वाचता आल्या की विद्यार्थ्याला अपयशी प्रयोगातूनही नेमके कुठे बिघडले ते सांगता येते.