फुटबॉलच्या पायऱ्यांवरील पुस्तके



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार कायद्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. त्यात त्यांचे काही चुकले नाही. गेली तीस वर्षे मी फौंड्री कामगारांच्या युनियनचे काम करतो आणि माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. मी त्यांना म्हणालो, ‘फुटबॉलच्या सामन्याला जमलेली माणसे एकमेकांना पुस्तके कशी सुचवितात, यावर मी बोलतो.’ ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘फुटबॉलच्या सामन्याला पुस्तके?’ तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर आत्ता मला तोच प्रश्न दिसत आहे, तेव्हा आधी जागेची ओळख करून देतो.

कोल्हापूर म्हटले की बाहेरगावच्या माणसाला कुस्ती आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण थंडी पडली की आमचे निम्मे शहर शाहू स्टेडियमकडे चालू लागते ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम: नावे आखाड्याची आणि खेळ पायाचा! शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब हे आणखी दोन मातब्बर संघ. संघामागे पेठ असते, पेठेमागे तिचे गणेशोत्सव, तिच्या वर्गण्या आणि तिची जुनी भांडणे. येथे प्रेक्षक तिकीट काढून करमणूक बघायला येत नाही. तो आपल्या घरचे कार्य असल्यासारखा येतो. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात आमचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते ठाऊक नाही अशा आज्ज्याही टीव्हीसमोर बसल्या होत्या.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सामना संपल्यावर दोन्हीकडचे पाठीराखे एकमेकांवर धावून गेले, दगड आले, पोलीस आले, स्पर्धा थांबवावी लागली, असे प्रसंग आमच्याकडे घडले आहेत. त्यात अडकतो तो विशी-पंचविशीचा पोरगा. गुन्हा नोंद झाला की पुढे चारित्र्य पडताळणी आली आणि बऱ्याशा कारखान्याचे फाटक त्याला बंद झाले. अशा पोरांच्या आया माझ्याकडे युनियनच्या कचेरीत येतात. म्हणून हा विषय माझ्या दृष्टीने हौसेचा नाही.

स्टेडियमच्या पायऱ्यांवर पुस्तकाचे बोलणे निघते ते मध्यंतरात. त्या वेळी खारे दाणे खाल्ले जातात, पंचाचा उद्धार होतो, आणि हळूच कोणीतरी विचारतो, ‘मामा, काय वाचायलाय सध्या?’ हा प्रश्न तो मला वाचनालयात विचारणार नाही. वाचनालय आमच्याकडे नाही असे नव्हे; करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली स्थापन झाले आहे आणि तेथील मंडळी अगत्याने वागतात. पण साच्याची काळी वाळू नखात घेऊन आठ तास उभा राहिलेला मोल्डर त्या दाराशी जाऊन उभा राहतो आणि परत फिरतो. आपले पुस्तक कोणते हे त्याला ठाऊक नसते आणि विचारावे तर अज्ञान उघडे पडेल अशी भीती वाटते. पायऱ्यांवर ती भीती नाही. तेथे त्याने नुकताच मला डावा बॅक का बदलायला हवा होता हे समजावून दिलेले असते. एका गोष्टीत तो माझा गुरू झाला, की दुसऱ्या गोष्टीत माझ्याकडून काही घ्यायला त्याला कमीपणा वाटत नाही.

शिफारशीचे शब्दही ध्यानात घेण्यासारखे असतात. ‘ही एक श्रेष्ठ कलाकृती आहे’ असे पायऱ्यांवर कोणी म्हणत नाही. ‘पहिली वीस पानं दम काढ, मग सुटत न्हाई’ असे म्हणतात. किंवा, ‘रडवतंय लेका, गाडीत वाचू नको.’ एकदा एका रिक्षावाल्याला मी आनंद यादवांची ‘झोंबी’ दिली. १९८७ सालचे पुस्तक, आणि यादव आमच्या कागलचे. त्याने नावावरून ते कुस्तीचे धरले आणि आनंदाने नेले. पंधरा दिवसांनी येऊन माझ्या शेजारी बसला, सामना सुरू झाला तरी बोलेना. मग म्हणाला, ‘मामा, कुस्ती न्हाई की ह्यात. शाळंसाठी बापाशी झोंबतंय पोरगं.’ मी विचारले, ‘मग टाकलंस का?’ म्हणाला, ‘कशापायी टाकू? मी बी तसंच झोंबलो हुतो. मी हरलो, तो जिकला.’ समीक्षकांनी या पुस्तकावर पुष्कळ लिहिले आहे. मी त्यातले काही वाचलेही आहे. पण त्या माणसाने दोन वाक्यांत जे सांगितले त्यावर मला काही वाढविता आले नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ची गोष्ट आणखी गमतीची. १९८२ साली निघालेली लहानशी कादंबरी. वानरांच्या टोळ्या, त्यांचे मुलूख, त्यांचे म्होरके आणि म्होरकेपणासाठी होणारी रक्तबंबाळ भांडणे. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. ती एकाने वाचून दुसऱ्याला देताना म्हटले, ‘घे, आपल्या पेठांचा इतिहास हाय.’ सगळी रांग हसली. मग ती प्रत रांगेतून वर गेली, आणि कशी कोण जाणे, पलीकडच्या पाठीराख्यांत पोचली. तिकडूनही निरोप आला की वर्णन तंतोतंत जुळते, मात्र पहिल्या टोळीचे नाव तुमच्या तालमीचे हवे!

त्याच हंगामात शेवटी-शेवटी मारामारी झाली. कोणाचे चुकले यात मी शिरत नाही. शिरलो तर येथून उठून मला कोल्हापूरला परत जाता येणार नाही. काही दिवस दोन्ही पेठांतील पोरे एकमेकांच्या गल्लीतून जात नव्हती. ‘सत्तांतर’ची प्रत पलीकडेच राहिली होती. एके दिवशी उद्यमनगरातल्या चहाच्या गाडीवर मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी मिळाली. आत ती प्रत होती, आणि चहावाल्याने निरोप सांगितला: ‘तिकडचा एक जण ठेवून गेलाय. म्हणाला, दुसरं हाय काय इचारा.’ पुस्तकाने भांडण मिटले असे मी म्हणणार नाही. भांडण पुढच्या हंगामापर्यंत चालले. पण दोन पेठांत त्या दिवसांत एकच गोष्ट इकडून तिकडे जात होती आणि ती पुस्तक होती. उसने दिलेल्या वस्तूला परत यावेच लागते, आणि ती आणणाऱ्याला दोन शब्द बोलावेच लागतात.

काही सुशिक्षित सद्गृहस्थांनी हे ऐकले आणि त्यांना उत्साह आला. त्यांनी शंभर उत्तम पुस्तकांची यादी छापली आणि स्टेडियमच्या दारावर वाटली. यादी खरोखरच चांगली होती. ‘बनगरवाडी’ होती, ‘कोसला’ होती, ‘फकिरा’ होती. मध्यंतरात त्या कागदांवर दाणे खाल्ले गेले. यात मंडळींचा उर्मटपणा काही नव्हता. यादीला मागचा माणूस नसतो, एवढेच. ‘फकिरा’ त्याच पायऱ्यांवर अनेक हातांतून गेली आहे, कारण ती देणारा एक फेटलर होता आणि तो म्हणायचा, ‘अण्णाभाऊ शाळेत गेले नव्हते, तरी हे लिवलं, तू चौथी झालायस, वाच तरी.’ दिलेले पुस्तक आवडले नाही तर पुढच्या रविवारी त्यालाच बोलणी खावी लागणार, हे दोघांनाही माहीत होते. शिफारस करणारा स्वतः काहीतरी पणाला लावतो, तेव्हाच घेणारा त्याच्यावर आपली एक रात्र खर्च करतो. आमच्याकडे दिवसपाळीवाल्याची रात्र स्वस्त नसते.

वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली निघाले. ते वाचलेला जो-जो कामगार मला भेटला, त्याला ते कोणीतरी दिलेले होते. दुकानात जाऊन शोधले असे सांगणारा अजून भेटायचा आहे.

सगळीच पुस्तके हातात द्यावी लागतात असेही नाही. काही नुसती सांगितली जातात. वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने आम्हांला अल्बेर काम्यूची ‘प्लेग’ सांगितली. काम्यूला १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले हे तुम्ही जाणता. पण तो अल्जियर्समध्ये पोरवयात गोलरक्षक होता आणि क्षयाने त्याचा खेळ सुटला, हे ऐकताच आमची रांग सावरून बसली. त्या कादंबरीत साथीच्या दिवसांत फुटबॉलच्या स्टेडियमवरच संशयित रोग्यांची छावणी पडते. गोन्झालेस नावाचा एक खेळाडू तिकडे चालत जाताना वाटेतले खडे पायाने उडवितो आणि गटाराच्या तोंडात गेले की गोल मोजतो. २०२० साली आमचेही मैदान ओस पडले होते. त्यामुळे मुलाने हे सांगितल्यावर कोणी काही बोलले नाही. नंतर एक गवंडी म्हणाला, ‘आमचं पोरगं बी असंच खडं मारतंय.’ हे पुस्तक त्या रांगेत फार थोडे वाचतील. पण आता ते त्यांचे ओळखीचे झाले आहे.

सांगोवांगीत धोका आहे, हे मी नाकारत नाही. मोबाइलवर येणारा खोटा इतिहास याच वाटेने येतो. तोही विश्वासातल्या माणसानेच पाठविलेला असतो. फरक मला असा दिसतो की पुस्तक सांगणाऱ्याला ‘कुठल्या पानावर?’ असे विचारता येते. गोविंद पानसऱ्यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका, मूळचे एक भाषण, १९८८ साली छापली गेली. ती घेऊन आमच्या पायऱ्यांवर कडाक्याचे वाद झाले आहेत. पण हातात पुस्तिका होती, त्यामुळे वाद पानावर होत होता. पानसऱ्यांना २०१५ साली आमच्याच शहरात गोळ्या घातल्या गेल्या. पुस्तिका अजून फिरते.

आता एका घरची गोष्ट सांगून तुमची रजा घेतो. शिरोलीच्या एका फौंड्रीतला मोल्डर माझ्याकडून नेमाने पुस्तके नेई, आणि परत करताना इतके नेमके बोले की मी चकित होई. एकदा मी त्याला खोदून विचारले, तेव्हा तो हसत म्हणाला, ‘मी न्हाई वाचत मामा. मंडळी वाचती आन् मला सांगती. मी तुम्हाला सांगतो.’ म्हणजे दोन वर्षे मी ज्याच्याशी पुस्तकांवर वाद घालत होतो तो निरोप्या होता! खरी वाचक घरी भाकऱ्या थापीत होती. स्टेडियमच्या पायऱ्यांवर बायका फारशा दिसत नाहीत. आमच्या या सगळ्या देवघेवीत ही उणीव आहे आणि ती लहान नाही.

‘झोंबी’ वाचून तिने नवऱ्याबरोबर एक प्रश्न पाठविला. त्या घरातली आई बाळंतपणे काढते, राबते, मार खाते. पोराने पुस्तक लिहिले, मग त्या आईसारखीचे स्वतःचे पुस्तक असते काय? हा प्रश्न मला तोवर कोणी केला नव्हता. मी बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पाठविले. फलटणच्या या बाईंनी दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून ते लिहिले आणि १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. त्यात महारवाड्याचे जिणे आहे, आणि त्यातल्या बाईचे जिणे तर दुहेरी दास्याचे. मोल्डर मराठ्याचा. पुस्तक देताना त्याच्या शेजारच्याने मुखपृष्ठाकडे पाहून ‘हे कशाला नेतोस?’ असे विचारलेही. मोल्डर म्हणाला, ‘मला न्हाई, तिला पायजे.’ आणि पिशवीत टाकले.

ते पुस्तक हंगाम संपला तरी परत आले नाही. मी चौकशी केली. तिने ते वाचून शेजारणीला दिले होते, शेजारणीने माहेरी जाताना बरोबर नेले होते, आणि तिचे माहेर ज्या पेठेत आहे तिचे नाव आमचा मोल्डर एरवी तोंडाने घेत नाही. मी दुसरी प्रत आणून ठेवली आहे. तिने पुढचे काय मागितले ते त्याला नीट आठवत नव्हते. म्हणून मी तिला सांगून पाठविले आहे, की या खेपेस चिठ्ठी लिहून द्या.