ज्युबिलीचें व्रत : प्रार्थना, वचन आणि सत्कर्म

(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभांत केलेलें भाषण)



आजचा दिवस उपकारस्तुतीचा आहे. मुदखेड व भोंवतालच्या खेड्यांतून आपण लहानथोर येथें जमलों आहों. पवित्र मिस्साबलिदान झालें. ज्या धर्मगुरूंनीं, धर्मभगिनींनीं व धर्मशिक्षक मास्तरांनीं पायपीट करून श्रद्धेचें बीं पेरलें, त्यांचें स्मरणही झालें. आतां या आनंदाच्या भरांत आपणांस एक प्रश्न विचारण्याची आम्ही परवानगी घेतों. मंडप उतरल्यावर आणि पाहुणे आपापल्या गांवीं परतल्यावर या ज्युबिलीचें आपल्या घरांत, शेतांत व व्यवहारांत काय उरणार आहे?

'ज्युबिली' हा शब्दच या प्रश्नाचें उत्तर शिकवितो. ज्या हिब्रू शब्दापासून तो आला त्याचा संबंध मेंढ्याच्या शिंगाशीं आहे. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्याची व्यवस्था सांगितली आहे. सात वेळां सात वर्षें मोजून झालीं म्हणजे पन्नासाव्या वर्षासाठीं शिंग फुंकावयाचें. त्या वर्षीं जमिनीस विसांवा द्यावयाचा. गरिबीमुळें ज्यानें वडिलोपार्जित शेत विकलें, त्याच्या कुटुंबास तें परत मिळावयाचें. आणि पोटासाठीं जो दुसऱ्याच्या दारीं राबत राहिला, त्यानें मोकळें होऊन आपल्या माणसांत जावयाचें. अनुवाद ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायांत तर दर सातव्या वर्षीं बांधवाचें कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे. शेत, कर्ज आणि मजुरी हे ज्युबिलीचे मूळ विषय होत. मराठवाड्यांतील माणसास हे तीन विषय कोणी समजावून सांगावयास नकोत.

पुढें प्रभु येशू नासरेथच्या सभास्थानांत उभा राहिला आणि यशया संदेष्ट्याचा ग्रंथ त्याच्या हातीं आला, तेव्हां त्यानें जें स्थळ काढून वाचलें तें दीन, बंदिवान व गांजलेले यांच्या सुटकेचेंच होतें. तो दिवस उपासनेचा होता, हातांत ग्रंथ होता आणि विषय दुःखितांचा होता. आमचें आजचें सांगणें एवढेंच कीं, प्रभूनें त्या दिवशीं जें एकत्र आणलें तें आपण निरनिराळें करूं नये.

आपण मुदखेडकर मंडळी जंक्शनचीं माणसें. नांदेडकडील, उमरी-धर्माबादकडील आणि भोकर-किनवटावरून आदिलाबादेस जाणारी, अशा तीन वाटा येथें मिळतात. मीटर गेजचे दिवस आपल्यांतील वडीलधाऱ्यांस आठवत असतील. रुंद रूळ पडूं लागले तेव्हां एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालेना, आणि उतारूंस बोचकीं घेऊन गाडी बदलावी लागे. पुष्कळांच्या धर्माचें असेंच होतें. रविवारची प्रार्थना एका मापाच्या रुळांवर आणि सोमवारचा व्यवहार दुसऱ्या मापाच्या. मध्यें कोठें तरी आपण गाडी बदलतों, आणि तें आपल्या ध्यानांतही येत नाहीं.

प्रथम प्रार्थनेचा विचार करूं. आपल्या भागांत घरोघर जपमाळेची भक्ति आहे, आणि ही मोठी समाधानाची गोष्ट होय. दिवसभर उन्हांत राबून आलेलें माणूस संध्याकाळीं मुलांबाळांसह गुडघे टेकतें, हें पाहून देव प्रसन्न होत असेल यांत शंका नाहीं. परंतु जपमाळेचीं रहस्यें मनांत आणिलीं तर तीं सारीं घराबाहेर नेणारीं आहेत. पवित्र मरियेस देवदूताचा निरोप मिळाला आणि ती लगबगीनें डोंगराळ प्रदेशांतून एलिझाबेथच्या घरीं गेली. देवाशीं बोलणें झालें आणि पाऊल शेजाऱ्याच्या घराकडे वळलें, हाच प्रार्थनेचा क्रम आहे. ज्या प्रार्थनेनंतर पाऊल कोठेंच वळत नाहीं, ती पुन्हा एकदां तपासून पाहावी.

एक साधें उदाहरण घ्या. आपल्या मुदखेडच्या शिवारांत फुलशेती आहे. आज वेदीवर फुलें शोभत आहेत. फुलें सकाळच्या बाजारास पोंचावयाचीं तर पहाटेच्या अंधारांतच बायाबापड्यांस तोडणीस लागावें लागतें. त्यांची मजुरी वेळेवर व पुरेशी मिळाली तर त्या फुलांचा सुगंध वेदीवर पोंचला असें समजावें. संत याकोबाच्या पत्रांत, शेतांत राबलेल्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवापुढें हांका मारते, असा इशारा आहे. आपल्यांतील पुष्कळजण स्वतः मजूर आहेत. कांहीं आतां दुसऱ्यास कामावर लावणारे झाले आहेत. ज्यांनीं अडलेल्या मजुरीचें दुःख स्वतः भोगलें, त्यांनीं तें दुसऱ्यास देऊं नये, ही प्रार्थनेचीच परीक्षा आहे.

आतां देववचनाकडे वळूं. देववचन आपल्या भाषेंत मिळावें म्हणून किती कष्ट झाले, याचा आपणांस विसर पडतां कामा नये. येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्यें गोव्यास आले. त्यांनीं लोकांची भाषा आपलीशी केली आणि सुमारे ११ हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण मराठींत रचलें. तें १६१६ मध्यें रायतूर येथें रोमी लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें पुन्हा छापलें गेलें. देवळांतून रविवारीं व सणांच्या दिवशीं तें वाचलें जाई. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषांविरुद्ध फर्मान काढलें. अशा स्थितींतही ख्रिस्ती कुटुंबांनीं तें पुराण हातानें उतरून घेतलें, जपलें व वाचलें. त्या हस्तलिखितांच्या आधारेंच १९०७ मध्यें मंगळूर येथें तें फिरून छापतां आलें. जुन्या छापील प्रती नाहींशा झाल्या. सामान्य माणसांनीं रात्रीं दिव्यापाशीं बसून केलेल्या नकला टिकल्या.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्या आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हेत, तथापि मराठी ख्रिस्ती माणसानें त्यांच्यापासून शिकूं नये असें कांहीं नाहीं. त्यांचा जन्म १८५८ मधला. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींस घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्ति सदनांत त्यांनीं शेंकडों मुलींस अन्न, वस्त्र, विद्या व धंदेशिक्षण दिलें. एवढा व्याप संभाळीत असतांनाच त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायांनाही कळेल अशा मराठींत सबंध बायबलाचें भाषांतर केलें. १९२२ मध्यें त्या निवर्तल्या. भाषांतराचें काम त्यांनीं मृत्यूपूर्वीं पुरें केलें होतें, आणि तें बायबल १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. जिच्या हातांस दुष्काळांतील लेंकरांची धूळ लागली तोच हात देववचन लिहीत होता. यास्तव "आम्हांस कामामुळें वाचावयास सवड नाहीं" किंवा "आम्ही वाचन-मनन करितों, सेवा दुसऱ्यांनीं करावी" या दोन्हीं सबबी त्यांच्यापुढें टिकत नाहींत.

आपली ख्रिस्तसभाही हेंच सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १८ नोव्हेंबर १९६५ रोजीं ईश्वरी प्रकटीकरणाविषयींची धर्मघटना प्रसिद्ध केली आणि सर्व श्रद्धावंतांनीं पवित्र शास्त्राचें वारंवार वाचन करावें असा आग्रह धरिला. पोप फ्रान्सिस यांनीं २०१९ मध्यें सामान्य काळांतील तिसरा रविवार देववचनाचा रविवार म्हणून नेमून दिला. एकेकाळीं ज्या ग्रंथाच्या नकला हातानें कराव्या लागत, तो आज अल्प किंमतीस मिळतो. तो कपाटांत हार घालून ठेवणें हा त्याचा मान नव्हे. त्याचीं पानें बोटांनीं मळलीं पाहिजेत.

तिसरा विषय सत्कर्मांचा. धर्मशिक्षणाच्या वर्गांत आपण सात शारीरिक दयाकृत्यें पाठ केलीं आहेत: भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, परक्यास आश्रय, आजाऱ्याचा समाचार, बंदिवानाची भेट आणि मृतास मूठमाती. हीं नुसतीं पाठांतराचीं वाक्यें वाटत असतील तर आपल्याच भागाचा अलीकडील इतिहास पाहावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी व आसपासच्या गांवांतील हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं झोंपेंतच गाडलीं गेलीं. त्या दिवसांत प्रेतांस अखेरचा संस्कार देणाऱ्या हातांनीं जात विचारली नाहीं कीं धर्म विचारला नाहीं. पुढें एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या १० टाक्यांतून सुमारें ५ लक्ष लिटर पाणी आलें. पोप फ्रान्सिस यांनीं जाहीर केलेलें दयेचें ज्युबिली वर्ष त्याच वेळीं चालूं होतें. तान्हेल्यास पाणी देणें म्हणजे काय, हें त्या वर्षीं मराठवाड्यास कोणत्याही प्रवचनावांचून समजलें.

परंतु सत्कर्म म्हणजे केवळ संकटकाळचें दान नव्हे. येशूसंघाचे स्विस धर्मगुरू फादर हरमन बाखर हे १९४८ मध्यें भारतांत आले आणि त्यांनीं अहमदनगर भागांतील शेतकऱ्यांत आपलें आयुष्य घालविलें. १९७२ च्या दुष्काळानें सर्वांस शिकविलें कीं, दरसाल धान्य वांटून दुष्काळ हटत नाहीं. पावसाचें पाणी डोंगरमाथ्यापासून अडवावें, माती धरून ठेवावी, हें काम गांवानें स्वतः करावें, अशी पाणलोट विकासाची चळवळ त्यांनीं उभी केली. १९९३ मध्यें वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था त्यांच्याच प्रेरणेनें निघाली. या कामांत गांवकऱ्यांस श्रमदान करावें लागे, मोकाट चराई थांबवावी लागे, झाडें तोडणें बंद करावें लागे. म्हणजे घेणाराही देणारा होई. २०२१ मध्यें फादर बाखर प्रभूच्या घरीं गेले. त्यांच्या मागें अडविलेलें पाणी आणि हिरवे झालेले उतार राहिले. उपकार करणारा वर आणि घेणारा खालीं, असें ज्या सेवेंत उरत नाहीं, ती ख्रिस्ताच्या मनासारखी सेवा होय.

बंधुभगिनींनो, हीं मोठ्या माणसांचीं उदाहरणें ऐकून "आम्हीं गरिबांनीं काय करावें?" असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर असें कीं, ज्युबिलीचें व्रत गरिबासही झेपणारें आहे. आम्ही तीन गोष्टी सुचवितों.

पहिली अशी कीं, संध्याकाळच्या जपमाळेनंतर प्रत्येक घरांत शुभवर्तमानाचा एक लहान भाग मोठ्यानें वाचला जावा. घरांत ज्यास वाचतां येतें त्यानें वाचावा, मग तें शाळेंत जाणारें मूल कां असेना. आजीनें ऐकावें आणि नातीनें वाचावें, यासारखें दुसरें धर्मशिक्षण नाहीं. वाचून झाल्यावर एकच प्रश्न करावा: यांतील कोणती गोष्ट उद्यां आपणांस करतां येईल?

दुसरी गोष्ट व्यवहाराची. कोणाची मजुरी, कोणाची उसनवारी, भावाबहिणीच्या वांट्याचा तंटा आपल्या हातीं अडून असेल, तर तो या ज्युबिलीच्या वर्षांत मिटवावा. ज्यास शक्य असेल त्यानें अडलेल्या बांधवाचें लहानसें देणें सोडून द्यावें. मुलीच्या लग्नांत हुंड्यासाठीं जो बाप कर्जांत बुडतो, त्याच्या कर्जांत आपण भागीदार होऊं नये; हुंडा मागूंही नये आणि मागणाऱ्याची वाहवाही करूं नये. शिंग फुंकून ज्या ज्युबिलीची घोषणा होत असे ती हीच.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. नापिकी व कर्ज यांनीं खचून आपल्या मराठवाड्यांत कित्येक शेतकऱ्यांनीं जीव दिला आहे. पहिल्या दहा-बारा दिवसांत त्या घरीं माणसांची रीघ लागते. त्यानंतर कोणी येत नाहीं. विधवा, म्हातारे आईबाप आणि शाळकरी मुलें मात्र तेथेंच असतात. अशा घरीं, तें कोणत्याही जातिधर्माचें असो, आपल्या धर्मग्रामांतील दोघां-तिघांनीं महिन्यांतून एकदां जावें. हातांत कांहीं नेतां आलें तर न्यावें. न आलें तरी जाऊन बसावें, कागदपत्रांच्या कामीं सोबत करावी, मुलाच्या वहीपुस्तकाची चौकशी करावी. तसेंच जो अजून जिवंत आहे पण अबोल झाला आहे, रात्र रात्र झोंपत नाहीं, त्याच्याजवळ वेळेवर बसावें आणि त्यास एकटें सोडूं नये. यरीहोच्या वाटेवर त्या शोमरोनी माणसानें हेंच केलें. याजक व लेवी तेथून पुढें गेले. ग्रंथ त्यांस माहीत नव्हता असें नाहीं. शोमरोनी मात्र थांबला.

या थांबण्यांतच आमच्या सांगण्याचें सार आहे. जपमाळ आपणांस थांबावयास शिकविते, देववचन कोणापाशीं थांबावें तें दाखवितें, आणि सत्कर्म म्हणजे प्रत्यक्ष थांबणें. यांपैकीं एकास दुसऱ्यापासून तोडलें तर काय होतें? वचनावांचून प्रार्थना आपल्याच इच्छांची यादी होते. प्रार्थनेवांचून सेवा लवकरच थकते किंवा गर्वानें फुगते. आणि सेवेवांचून वचन हें दुसऱ्यास ऐकविण्याचें पाठांतर होऊन बसतें.

परमेश्वरानें आपल्या वाडवडिलांस या शिवारांत श्रद्धेचें दान दिलें. त्यांच्यापाशीं मंडप नव्हते, ध्वनिक्षेपक नव्हते. कित्येकांस अक्षरओळखही नव्हती. तरी ऐकलेलें वचन त्यांनीं मनांत धरलें आणि दारीं आलेल्यास अर्धी भाकर दिली. त्या अर्ध्या भाकरीवर आजची ही ज्युबिली उभी आहे. आपल्या मुलांबाळांनीं पुढील ज्युबिली साजरी करितांना आपल्याविषयींही असेंच कांहीं सांगावें, एवढी कृपा प्रभु येशू ख्रिस्त पवित्र मरियेच्या विनवणीनें आपणां सर्वांस देवो. आमेन.