एका सायंकाळी एक देश



दरवर्षी २२ फेब्रुवारीस जगभरातील गर्ल गाइड मुली ‘चिंतन दिन’ पाळतात. १९२६ साली अमेरिकेत भरलेल्या त्यांच्या जागतिक परिषदेत हा दिवस ठरला. पुण्यात १९६६ साली उघडलेले ‘संगम’ हे केंद्र याच चळवळीचे. या दिवशी एखाद्या देशाची ओळख करून देणारी सायंकाळ योजण्याची प्रथा पुष्कळ पथकांतून आहे.

परंतु ध्वज रंगविला, वेश चढविला, एवढ्याने देश कळतो काय? वेशाबरोबर तो उतरूनही जातो. म्हणून आयोजकांनी त्या देशातील मुलांचे नित्याचे आचरण निवडावे. जपानचे उदाहरण घ्या. तेथील शाळांतून मुले आपले वर्ग स्वतः झाडतात, पुसतात. जेवणापूर्वी ‘इतादाकिमास’ म्हणून अन्नाविषयी कृतज्ञता व्यक्त करतात. घरात शिरताना पादत्राणे दाराशी काढतात. देवळाच्या पायरीशी चपला काढणाऱ्या मुलांना यात परके काय वाटणार?

तेव्हा आरंभी दाराशी पादत्राणे नीट मांडावीत. मग कागदाचे करकोचे घडवावेत. नंतर कृतज्ञतापूर्वक अल्पोपाहार व्हावा. आणि अखेरीस केरसुणी मुलांच्याच हाती द्यावी. त्या वेळी वडीलधाऱ्यांनी मदतीचा मोह आवरावा. आपण मांडलेला पसारा आपणच आवरून घरी परतणारे मूल त्या देशाची एक चांगली सवय बरोबर नेईल. सायंकाळ सार्थकी लागली, ती एवढ्यावरून ओळखावी.