आतड्याची जोडदारे



लेकराला जुलाब लागले की घरातली जाणती माणसे सांगतात, "पाणी देऊ नका, पोटाला जरा विसावा द्या." सांगण्यात माया असते, यात शंका नाही. पण आतड्याचा कारभार पाहिला म्हणजे ही माया कशी उलटते ते ध्यानात येईल.

आपण भाकरीचा घास खातो. दात तो चावतात, जठर घुसळते. पण पचनाचे खरे काम होते लहान आतड्यात. नाव लहान, पण मोठ्या माणसात लांबी भरते १५ ते २० फूट! तिथे यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. भाकरीच्या पिठाची ग्लुकोज नावाची साखर होते, डाळीतली प्रथिने सुटी होतात, तेलातुपाचे बारीक कण होतात. आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलासारखे उभे अंकुर असतात. तेच हे सारे सत्त्व टिपून घेतात.

आता पाण्याचा हिशेब पाहा. दिवसाकाठी आतड्यात ८ ते ९ लिटर पाणी उतरते. त्यात खाण्यापिण्यातले सुमारे २ लिटर. बाकीचे शरीरानेच पाचक रसांतून ओतलेले. निरोगीपणी जवळजवळ सगळे परत रक्तात जाते. जुलाबात हे गणित बिघडते. रांजण गळू लागला आणि आपण पाणी भरायचेच थांबवले, तर काय होईल?

मग नुसते पाणी पाजावे का? तेवढ्याने भागत नाही, कारण मीठही वाहून गेलेले असते. इथे निसर्गाची गंमत आहे, बरं का! अंकुरांवर अशी दारे आहेत की मीठ आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडतात. सत्यनारायणाला नवराबायकोने जोडीने बसावे तसे! त्यांच्या मागोमाग पाणी आत शिरते. पटकीतसुद्धा ही दारे चालू राहतात.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रोग्यांना पाजले. शेकडा ३० पर्यंत असलेले मृत्यू शेकडा ४ च्या खाली आले.

आरोग्य केंद्रात ओआरएसची पुडी मिळते, ती आणावी. नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. माप चुकवू नये. जास्त मीठ घातक आहे. हे पाणी घोट घोट पाजावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे माप एकदा वर्गातल्या फळ्यावर लिहा. मुले ते घरी नेतील, आणि एखाद्या घरी त्याच दिवशी त्याची गरज असेल.