बॉनेटखालचे उंदीर

पुण्यातल्या बुधवार पेठेत, तांबडी जोगेश्वरीच्या देवळाच्या आसपासच्या बोळांत, गाडी लावायची म्हणजे बहुधा जुन्या वाड्याच्या भिंतीला खेटूनच. रात्री इंजिनची ऊब आणि आडोसा उंदरांना मानवतो. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून ते सतत कुरतडतात. त्यात वायर तुटली, की सकाळी गाडी सुरू होत नाही.

गाडीत खाऊ, प्रसादाची पुडी ठेवू नका. गाडी फार दिवस उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडा. लेंड्या, चिंध्या दिसल्या तर एअर फिल्टरचा डबाही तपासा. घरातला लहान उंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही शिरतो, म्हणून हवा आत घेणाऱ्या तोंडांवर त्याहून बारीक धातूची जाळी मेकॅनिककडून बसवून घ्या. तंबाखू, डांबरगोळ्यांचा वास उडून जातो. त्यावर विसंबू नका. विष तर नकोच, उंदीर आतच मरून कुजतो.

उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. म्हणून हातमोजे घाला, लेंड्या कोरड्या झाडू नका, जंतुनाशकाने भिजवून पुसा. आणि शेजाऱ्यांना सोबत घेऊन बोळातला ओला कचरा रोजच्या रोज घंटागाडीत द्या. उंदरांना खायला मिळालं नाही, तर निम्मं काम तिथेच होतं.