परीक्षकाची परीक्षा



ज्यानें जन्मभर मुलांचे पेपर तपासले, त्यानें चित्रपटांच्या पारितोषिकांविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु गुण देणें हा माझा धंदाच होता, आणि त्यांतील एक चूक मला अजून सलते. एके वर्षीं निबंधस्पर्धेचें पारितोषिक मीं सुवाच्य अक्षरांतील, ठरीव धाटणीच्या निबंधास दिलें. दुसऱ्या एका मुलानें आपल्या घराच्या गळक्या छपराविषयीं लिहिलें होतें. त्यावर मीं ‘विषयांतर’ असा शेरा मारला. तो मुलगा पुन्हां स्पर्धेस बसला नाहीं.

न्यूयॉर्कच्या चित्रपट-समीक्षकांनीं १९३५ सालीं आपलें मंडळ स्थापिलें. वर्षांतील उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट व नटी मतदानानें निवडण्याचा त्यांचा प्रघात आहे. पहिला मान जॉन फोर्ड यांच्या ‘दि इन्फॉर्मर’ला मिळाला. ऑस्करचें मतदान चित्रपटव्यवसायांतील मंडळीच करतात. समीक्षक हा त्या व्यवसायाबाहेरचा, आपणांसारखाच अंधारांत बसून पाहणारा.

१९४१ सालीं ऑर्सन वेल्स या तरुणाचा ‘सिटिझन केन’ प्रदर्शित झाला. वृत्तपत्रांचे बलाढ्य मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचें प्रतिबिंब त्यांत अनेकांस दिसलें, आणि हर्स्ट यांनीं आपल्या पत्रांतून त्याचा उल्लेखही बंद करविला. नऊ नामांकनांपैकीं ऑस्कर मिळालें तें एकच, पटकथेचें. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनीं मात्र त्यासच वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविलें.

समीक्षक सर्वज्ञ असतात, असें माझें म्हणणें नाहीं. त्याच वर्षीं दिग्दर्शनाचा मान त्यांनींही वेल्स यांस न देतां फोर्ड यांस दिला. परंतु अपरिचित वाटेनें जाणाऱ्या कृतीपाशीं थांबून ती पुन्हां पाहण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें, हें खरें.

आपल्या मुंबईंतील परिचारिकांच्या जीवनावरील, पायल कपाडिया यांचा ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ हा चित्रपट २०२४ सालचा. ऑस्करकरितां भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून दुसऱ्याच चित्रपटाची निवड झाली. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनीं मात्र त्यास उत्कृष्ट परदेशीय चित्रपटाचा मान दिला.

तेव्हां माझी एवढीच विनंती. अशा पारितोषिकांची यादी हातीं आली, म्हणजे परिचित नांवांवर नजर टाकून ती बाजूस ठेवूं नये. ज्याचें नांवही ऐकलें नाहीं, असा एखादा चित्रपट त्यांतून निवडून घरांतील मुलांसह अवश्य पाहावा. न आवडल्यास तसें मोकळेपणीं म्हणावें; मात्र शेवटपर्यंत पाहून म्हणावें. त्या मुलाचा निबंध मीं शेवटपर्यंत वाचला नव्हता.